अडतीस पूर्णांक छत्तीस

रुवैसच्या प्रयोगशाळेत एसी आहे तो ठोकळ्यांसाठी.
अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडून राहिलेले
काँक्रीटचे सोळा ठोकळे,
अंगावर लाल रंगात तारीख, भिंत नंबर सात,
आणि ओतणाऱ्या टोळीच्या मुकादमाची सही:
दिलबहादुर. त्यातल्या हाचा काना नेहमी वाकडा.

हमदुले चाचांनी पहिल्या आठवड्यात मला
दाबयंत्राला हात लावू दिला नाही.
जीपमध्ये घालून सबखा दाखवायला नेलं.
वर मिठाची पापडी, शिळ्या भाकरीसारखी कडक,
खाली चिखल. अख्खा ट्रक गिळतो, ढेकर देत नाही.
कुठून सुरू होतो हा?
"नेमका कुठूनच नाही. म्हणून ती पांढरी पिंपं पुरलीत.
पिंपाच्या अलीकडेही कधी चाक रुततं,
पलीकडे जाऊन एखादा सुखरूप परत येतो.
पण पिंप गाडी निघायच्या आधी पुरायचं, काय?
रुतल्यावर पुरतात त्याला थडगं म्हणतात."

मग कागदावर वाळूची टेकडी काढली त्यांनी.
माथ्याखाली चाळीस, कंत्राटात लिहिलेली ताकद.
काँक्रीट खरं बोलतंय असं आधी मानायचं.
शून्य परिकल्पना म्हणजे एवढंच,
दारात आलेल्याला चोर न समजणं.
चढउतार चारचा, ठोकळे सोळा.
टेकडी डावीकडे उतरत बारीक होत गेली,
त्या शेपटात शंभरातली पाच भाग वाळू मोजून
चाचांनी पेन्सिलीने रेघ मारली,
अडतीस पूर्णांक छत्तीस.
रेघेच्या डावीकडचं सगळं क्रांतिक क्षेत्र.
सरासरी तिथे उतरली, की नाही म्हणायचं.
आणि ही पाच भाग वाळू?
"ते आपलं पाप. शंभर चांगल्या भिंती असतील
तर त्यातल्या पाच आपण पाडणार.
आधीच कबूल करून खुर्चीत बसायचं."

चाचा दापोलीला गेले, कायमचे.
पेन्सिल माझ्याकडे.

आज ठोकळे एकेक करून फुटले,
अडकित्त्यात सुपारी फुटते तसे.
बेचाळीस. एकोणचाळीस. चौतीस, अरे बापरे. एक्केचाळीस.
सोळाव्यानंतर भागाकार केला,
अडतीस पूर्णांक वीस.

कुरियाकोस साहेब स्वतः चहा घेऊन आले, हेच नवल.
"पाच टक्के कशाला? एक टक्का धर.
रेघ सदतीस सदुसष्टला जाते, भिंत पास."
गणित बरोबर होतं त्यांचं.
एक टक्का धरणं काही अधर्म नाही,
महिन्यापूर्वी, ठोकळे ओले असताना म्हणाले असते
तर मीच रेघ तिकडे मारली असती,
आणि कच्च्या भिंती जास्त निसटतील
हेही तिथेच लिहिलं असतं.

मी सहा वर्षांचं ठरवून आलो होतो.
सहा झाली तेव्हा मिहीरची दहावी होती.
मग घराचा स्लॅब. मग सुनेत्राच्या भावाचं ऑपरेशन.
दर वेळी आधी आकडा पाहिला, मग रेघ सरकवली.
अकरावं चालू आहे.
ती आता विचारत नाही, फोनवर पाणी कधी आलं ते सांगते.

चहा गार झाला. वहीत लिहिलं, नाकारलं.
"खोटं होतं" असा रकाना आमच्या वहीत नाही.

रात्री ब्रेकरचा आवाज क्वार्टरपर्यंत येत होता.
ज्यांनी ओतली तेच फोडत होते,
दुपारी काम बंद म्हणून रात्री.
सकाळी दिलबहादुर दारात, भुवयांवर सिमेंट.
"साब, गलती थी क्या?"
माहीत नाही, म्हणालो.
खरंच नव्हतं माहीत. ही त्या पाचातली असू शकते.

तो थोडा वेळ उभा राहिला.
मग कचऱ्याच्या टोपलीतून ठोकळ्याचा एक तुकडा उचलला,
लाल, त्यावर नुसता हा उरलेला,
अंगठ्याने पुसून पाहिला
आणि खिडकीत ठेवून गेला.